वाचनालयासाठी जुनी पुस्तकं विकायची तर

विक्रीची तारीख धरताना पावसाळा आणि नवरात्र दोन्ही सोडा. रात्रभर गरबे झाल्यावर सकाळी टेबलं लावायला बडोद्यात माणूस मिळत नाही. दिवाळीच्या साफसफाईत दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या माळ्यांवरून पुस्तकं उतरतातच. ती पस्तीवाल्याच्या, म्हणजे रद्दीवाल्याच्या, काट्यावर चढायच्या आत आपल्याकडे यावीत, म्हणून दसऱ्यालाच निरोप फिरवा. त्यात काय नको तेही लिहा: जुनी गाइडं, बदललेली पाठ्यपुस्तकं, भिजून फुगलेले ग्रंथ. दारात आलेल्या काकूंना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही.

आलेली खोकी वाचनालयाच्या कपाटांपासून लांब उघडा. पुस्तक टेबलावर हलकेच आपटून पाहा. बांधणीतून बारीक भुसा पडला तर कीड आत असू शकते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळं ठेवा. बुरशीला हात लावण्याआधी मास्क घाला, आणि पुसायचं ते कोरड्या ब्रशने. मग प्रत्येक पुस्तक चाळायचंच, कंटाळा आला तरी. पत्रं, पत्रिका, पासबुकं, क्वचित नोटाही निघतात. ज्याचं त्याला परत. दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का दिसला तर पुस्तक तिकडे पोचवा. आपल्याच वाचनालयाने काढून टाकलेल्या प्रतींवर ‘रद्द’ असा शिक्का आणि नोंदवहीत नोंद हवी, नाहीतर विकत घेणारा उगाच चोर ठरायचा.

सगळ्यात जाणत्या माणसाला बसवा ते जुन्या मराठी-गुजराती ढिगापाशी. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून आणून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, पेट्यांतून फिरती वाचनालयं खेड्यांत धाडली. संस्थानाच्या आश्रयाने निघालेल्या श्रीसयाजीसाहित्यमालेची पुस्तकं आजही एखाद्या ट्रंकेत सापडतात. मळकं कव्हर बघून ती वीस रुपयांच्या ढिगात गेली तर पुन्हा हाती लागायची नाहीत. असं काही दिसलं की आधी ग्रंथपालांना दाखवा.

किंमत पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहा. स्टिकर काढताना जुनं कव्हर सोलून निघतं. आकडे 20, 50, 100 असेच ठेवा, म्हणजे सुट्ट्या पैशांवरून वाद नाहीत. दिवाळी अंकांचे वर्षवार गठ्ठे सुतळीने बांधा. त्यातला एकच अंक द्या म्हणणारे भेटतीलच, माझं मत विचाराल तर देऊन टाका. गुजराती पुस्तकांचं टेबल वेगळं आणि दाराजवळ असू द्या. क्यूआर कोड वाचनालयाच्या खात्याचा हवा, कार्यकर्त्याच्या फोनचा नको. रोख पैसे संध्याकाळी दोघांनी मोजून सह्या करायच्या.

उरलेल्या पुस्तकांचं काय, हे आधीच ठरवा. शाळेला द्यायची असतील तर त्यांना चालतील ती आधी निवडून घ्यायला सांगा. बाकी पस्तीत घाला आणि तेही पैसे त्याच हिशेबात धरा.