ओरिएंटियरिंग: कंट्रोल सापडल्यावर खरी गडबड होते

एनसीसीत मॅप रीडिंग केलंय किंवा सह्याद्रीत टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा नकाशा) घेऊन हिंडलाय, असं धरून लिहितेय. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात खूण लावलेली ठिकाणं, म्हणजे कंट्रोल, क्रमाने गाठायचा खेळ. मी तो स्टॉकहोमजवळच्या जंगलात शिकले आणि टोपोशीटच्या सवयींनीच मला सर्वांत जास्त छळलं. टोपोशीटचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे एका सेंटिमीटरला ५०० मीटर. ओरिएंटियरिंगचा जंगलातला नकाशा बहुधा १:१०,०००चा असतो, त्यावर एका सेंटिमीटरला १०० मीटर. त्यामुळे नवखा माणूस हमखास कंट्रोल ओलांडून पुढे जातो. शिवाय इथे पांढरा रंग म्हणजे सहज पळता येईल असं जंगल. मोकळी जागा पिवळी. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट.

नकाशाची घडी घाला. चालू टप्पा (एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंतचा) आणि त्याच्या आजूबाजूचं थोडं दिसलं की पुरे. अंगठा आपण आहोत त्या जागेच्या जरासा मागे ठेवा आणि ओढा, वाटांचा फाटा, मोठा खडक ओलांडला की पुढे सरकवा. हे आठवडाभरात हाताला जमतं, काळजी नको.

आता मुख्य गोष्ट. रस्ता चुकतो तो बहुतेक वेळा कंट्रोलवरून निघताना. भगवा-पांढरा झेंडा दिसतो, पंच होतं, म्हणजे पोहोचल्याची नोंद होते, हायसं वाटतं, आणि पाय आले त्याच रोखाने पुढे चालू लागतात. नकाशा मात्र अजून मागच्याच टप्प्यासाठी धरलेला असतो. म्हणून क्रम पक्का करा. आधी पुढचा टप्पा छातीपासून सरळ समोर जाईल असा नकाशा धरा. मग नकाशा हातात न फिरवता स्वतः जागेवर वळा, होकायंत्राच्या सुईचं लाल टोक नकाशावरच्या उत्तर रेषांना समांतर होऊन नकाशाच्या उत्तरेकडे येईपर्यंत. रेषा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, वेगळी बेरीज-वजाबाकी नाही. लाल टोक दक्षिणेकडे जुळवलंत, तर ऐटीत बरोबर उलटे जाल! मग निघण्याआधी ठरवा: पहिल्या पन्नास मीटरांत काय दिसायला हवं? समजा, उजव्या हाताला दलदल. ती दिसली नाही, तर थांबा.

इथे मन फार लबाडी करतं. दलदल दिसत नाही, पण एक ओलसर खळगा दिसतो, आणि आपण म्हणतो, ‘हीच असणार’. मग शेजारचं टेकाडही ‘तेच’ वाटू लागतं. असं दोनदा जुळवून घेतलंत की पुढची वीस मिनिटं गेलीच समजा. अंगठ्याखालच्या शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा. लाज वाटते, पण वेळ वाचतो.

दुसऱ्याच्या मागे पळणं मला अजिबात पटत नाही. त्याचा कोर्सच, म्हणजे गाठायच्या कंट्रोलचा क्रमच, वेगळा असू शकतो. म्हणूनच तर प्रत्येक कंट्रोलवर कोड असतो, तो आपल्या यादीशी ताडून बघा. नकाशा दाखवणारं घड्याळ स्पर्धेत चालत नाही, मग सरावात तरी कशाला? आणि शिकवणारा पुढे पळत ‘इकडे या’ म्हणत असेल, तर दुसरा शोधा. मागे राहून ‘आत्ता कुठे आहोत?’ एवढंच विचारणारा हवा.

सुरुवातीला चालतच करा. चालणाऱ्याला इथे कुणी हसत नाही, सत्तरीतल्या आज्याही चालतच सगळे कंट्रोल गाठतात, आणि बऱ्याचदा आपल्या आधी.