बादलीत खत करायचंय? आधी पोतंभर सुकं गोळा करा

खत करायचं म्हटलं की लोक आधी कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, कुठलं घ्यायचं ते विचारतात, मी म्हणतो ते राहू दे, सुकं काय आहे तुमच्याकडं ते सांगा. माझी पहिली बादली त्याच्यापायीच गेली. नुसती भाजीची देठं, चहाचा चोथा अन् कलिंगडाच्या साली टाकत गेलो, आठव्या दिवशी बुडाला काळं पाणी आणि असा वास की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, उंदीर मेलाय का कुठं?

तर पहिलं काम सुक्याचं. सांगलीत ऊस एवढा, पाचट कोण ना कोण देतंच, नाहीतर वखारीतला लाकडाचा भुसा, गळलेली पानं, अगदीच काय नसलं तर पुठ्ठ्याचे तुकडे. रसवंतीचं चिपाड पण चालतं, फक्त उन्हात कडक वाळवून, ओलं टाकलं तर मुंग्यांची जत्रा भरते.

मग रंगाची २० लिटरची रिकामी बादली धुवून घ्या, बुडाला अन् बाजूनं १५-२० भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा, खाली जुनं ताट. तळाला चार बोटं सुकं, त्यावर दोन मुठी शेणखत, नसलं तर आंबट ताक शिंपडा.

रोज रात्री ओटा आवरला की दिवसभराचं ओलं टाकायचं, वाटीभर ओल्याला दीड वाटी सुकं, वरनं ओलं दिसता कामा नये. साली बारीक चिरा, चहाचा चोथा धुवून मगच बादलीत टाका. तेलकट खरकटं, हाडं नकोच. दोन-तीन दिवसांनी काठीनं खालीवर करा, हवा लागली नाही की वास सुटतो.

अंदाज येत नसेल तर मूठभर घेऊन दाबा. पाणी टपकलं तर सुकं वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा, लाडू वळला अन् बोट लावल्यावर फुटला की जमलं. आत कोमट लागतं, पांढरी बुरशी येते, जाड करड्या अळ्या पण दिसतील, टेन्शन नको, त्या कचराच खातात.

बादली भरली की वर सुक्याचा थर देऊन दीड-दोन महिने ठेवून द्या अन् दुसरी सुरू करा. पावसाळ्यात सुकं मिळत नाही हो, मे महिन्यातच पोतं भरून ठेवायचं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास आला की चाळून घ्या, वर राहिलेली जाड देठं परत नव्या बादलीत. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत बास. काकू आता तुळशीला मागून नेतात, स्वतःची बादली मात्र नको म्हणतात.