जुन्या कॉलमला जॅकेट घालताय? आधी रिंगांचं बघा

विजापूर रोडला किंवा जुळे सोलापुरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, खाली पार्किंग असलेली इमारत असेल, तर कॉलम न फोडताही मला आतलं चित्र साधारण दिसतं. रुंदी नऊ इंच, कारण खोलीत कोपरा पुढे आलेला गिऱ्हाइकाला चालत नसे. आत उभ्या सळ्यांना आडव्या बांधून ठेवणाऱ्या सहा मिलिमीटरच्या रिंगा, आठ-नऊ इंचांवर एक, टोकं काटकोनात वाकवून सोडलेली.

भूकंपाच्या जोराच्या धक्क्यात आधी कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, गळतं, मग काटकोनातली टोकं उघडतात, रिंग सैल होते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन निसटतं. म्हणून सोसायटीचे काका "मॅडम, कॉलम जाड करून द्या" म्हणतात, तेव्हा मी रिंगांवर बोलायला लागते. जॅकेट म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळ्या-रिंगांसह चढवलेला काँक्रीटचा थर; त्यात नुसती जाडी वाढवून भागत नाही.

"सोलापुरात कुठला भूकंप?" हा प्रश्न ठरलेला. किल्लारी इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापर्यंत तो भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या नकाशात सोलापूर झोन ३ मध्ये आलं. तुमची इमारत त्याआधीची असेल, तर तिच्या हिशेबात भूकंप बहुधा धरलेलाच नाही.

आधी तपासणी. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते बघा, कव्हर मीटरने (काँक्रीटआडचं लोखंड दाखवणारं यंत्र) सळ्या-रिंगा शोधा, दोन-तीन कॉलमचे कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढून लॅबला द्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन शिंपडा: गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर तिथल्या सळईचं गंजापासूनचं संरक्षण गेलेलं आहे. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पूर्ण इमारतीचं गणित. चार कॉलम दिसायला वाईट म्हणून तेवढेच जाड केले, तर ताठ बाजू जास्त जोर ओढून घेते आणि इमारत पिळवटते. फक्त पार्किंगचा मजला भक्कम केला, तर कमजोरी वरच्या मजल्यावर सरकू शकते.

आता जॅकेट. आयएस १५९८८:२०१३ या भारतीय मानकाप्रमाणे किमान जाडी १०० मिलिमीटर, आणि नवं काँक्रीट जुन्यापेक्षा ताकदीत निदान ५ एमपीए (मेगापास्कल) सरस. म्हणजे २३० बाय ४५० चा कॉलम ४३० बाय ६५० होतो. पार्किंगमध्ये स्कूटरची एखादी जागा जाते, आणि मीटिंगमधलं खरं भांडण त्यावरच होतं. ते आधी मिटवा.

फोडण्याआधी बीमखाली जॅक लावून भार उचलून घ्या. शेजारशेजारचे दोन कॉलम एकदम उघडायचे नाहीत. गिलावा आणि सैल काँक्रीट काढून, गंज घासून, पृष्ठभागावर खोल टोचे मारा. फरशी उकरून फुटिंगपर्यंत, म्हणजे कॉलमच्या पायापर्यंत जा. नव्या उभ्या सळ्या फुटिंगमध्ये भोकं पाडून इपॉक्सीने बसवा आणि स्लॅबमधून आरपार वरच्या मजल्यात न्या. बीम आडवे येतात, म्हणून सळ्या कोपऱ्यांत एकवटाव्या लागतात. सळ्या फरशीवरच संपवलेलं जॅकेट सोलापुरात भरपूर बघायला मिळतं. कॉलम सर्वांत जास्त वाकतो तिथेच, तळाला आणि माथ्याला, ते कामी येत नाही.

रिंगा किमान आठ मिलिमीटरच्या. बीममध्ये अडणाऱ्या ठिकाणी दोन तुकड्यांच्या, पण टोकं १३५ अंशांत आत वळवलेलीच. वरच्या आणि खालच्या पाव उंचीत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. मध्येही जॅकेटच्या जाडीपेक्षा लांब ठेवू नका. मिस्त्री म्हणणारच, "एवढ्या जवळ रिंगा, मग खडी कुठनं जाणार?" त्याचं बरोबर आहे. नेहमीची वीस मिलिमीटरची खडी अडकते. बारीक खडीचं, आपोआप पसरणारं मायक्रोकाँक्रीट वापरा. स्लॅबला भोकं ठेवून वरून ओता आणि बीमखाली उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरा. ओतण्याआधी जुना कॉलम ओला हवा, पण त्यावर पाणी साचलेलं नको.

क्युरिंग, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवणं, हे इथलं दुखणं. एप्रिल-मेच्या उन्हात गोणपाट तासाभरात वाळतं आणि नळाला पाणी रोज नसतं. टाकी भरून ठेवायची सोय नसेल, तर काम थंडीत घ्या. गोणपाटावर प्लॅस्टिक गुंडाळलं की पाणी कमी लागतं.

लूमच्या कारखान्यात दोन मागांमधली वाट अरुंद होत असेल, तर चार कोपऱ्यांना लोखंडी अँगल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या वेल्ड करता येतात. कॉलम आणि अँगलमधली फट ग्राउटने भरायला विसरू नका. कार्बन फायबरचं कापड इपॉक्सीने चिकटवून गुंडाळणं सर्वांत आटोपशीर, पण कोपरे गोल करावे लागतात, आणि लांबट आयताकृती कॉलमला त्याची पकड कमी मिळते. आडव्या धाग्यांमुळे नुकसान टळतं ते काँक्रीट फुटण्याचं. वाकण्याची ताकद फारशी वाढत नाही. गंजलेल्या सळईवरून गुंडाळलं तर गंज आत चालूच राहतो. आपल्याकडच्या उन्हात इपॉक्सी भांड्यातच घट्ट व्हायला लागतं, तेव्हा सकाळी लवकर, थोडं थोडं कालवून.

कंत्राटदाराशी करार करताना एक अट घाला: सेंट्रिंग लागण्याआधी प्रत्येक कॉलमच्या तळाचा, माथ्याचा आणि रिंगांच्या टोकांचा फोटो, शेजारी टेप धरून. फोटो नाही, तर त्या कॉलमचं बिल नाही.