सुपारी किलरचा बदला पडद्यावर ढिला का पडतो? या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा हार्ड डिस्क घेऊन आला. म्हणाला, "दादा, १८ मिनिटांची फिल्म आहे. ६०० कट मारले. तरी सगळे म्हणून राहिले का स्लो आहे. काहून?"

पाहिली. सुपारी घेऊन माणसं मारणारा नायक. ज्या टोळीसाठी आयुष्यभर कामं केली, तिनंच त्याच्या धाकट्या भावाला संपवलं. मग हा एकेकाला गाठतो. १८ मिनिटांत पाच खून. तिसऱ्या खुनाला माझा हात मोबाइलकडे गेला, आणि तो पोरगा नेमका माझ्याकडेच बघत होता.

नागपुरात धरमपेठेत माझी एडिटिंगची खोली आहे. लग्नाचे व्हिडिओ हा पोटापाण्याचा धंदा, पण वर्षाकाठी अशा पाच-सहा बदल्याच्या फिल्मही दुरुस्तीला येतात. गाड्या वेगळ्या, बिघाड तेच.

कट वाढवले म्हणजे वेग वाढला

सगळ्यात मोठा बिघाड हाच. हिशेब करा. १८ मिनिटं म्हणजे १०८० सेकंद. ६०० कट म्हणजे एका शॉटला सरासरी १.८ सेकंद. तेवढ्यात डोळ्यानं जागा ओळखायची, माणूस ओळखायचा, कोण कुणाला मारतोय ते लावायचं. दहा शॉट डोळा धडपडतो, मग नाद सोडतो. पडद्यावर धावपळ चालूच असते, पण बघणारा केव्हाच उठून गेलेला असतो, खुर्चीत बसल्या बसल्या.

तपासायची युक्ती सोपी आहे. मारामारीचा सीन घरातल्या कुणाला तरी दाखवा, सिनेमातलं काही न कळणाऱ्याला. मग कागद-पेन द्या आणि सांगा, खोली काढा. दार कुठे, हिरो कुठे, दुसरा माणूस कुठे, बंदूक कुठे पडली. त्या पोराच्या फिल्मवर मी हे माझ्या मावशीला करायला लावलं. तिनं एक चौकोन काढला आणि विचारलं, "खिडकीतून कोण आलं रे? का तो आधीच आत होता?" खिडकी त्या खोलीत नव्हतीच. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरात शूट केली होती.

उपाय म्हणजे आधी एक रुंद शॉट. सगळी खोली, सगळी माणसं, निदान पाच सेकंद. त्यानंतर हवं तेवढं जवळ जा.

दुसरं कारण लाजेचं आहे, म्हणून कुणी बोलत नाही. कॅमेरा हलवतात कारण नटाला मारामारी येत नाही. २०१४ च्या 'जॉन विक'चा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मुळात स्टंटमन. 'मॅट्रिक्स'मध्ये तो कीआनू रीव्हजचा डबल होता. म्हणून तिथे कॅमेरा मागे उभा राहतो आणि अख्खं शरीर दिसतं. झाकायला काही नाहीच. आपल्याकडे तो पैसा नाही, ते महिने नाहीत, कबूल. पण तीन हालचाली पंधरा दिवस घोटून घेता येतात. आधी निम्म्या वेगानं, मग पाऊण, आणि शूटच्या दिवशी पूर्ण. तीस हालचाली अर्ध्या-कच्च्या येण्यापेक्षा तीन पक्क्या येऊ द्या. आणि ठोशावर कट मारताना पुढच्या शॉटमध्ये तीच हालचाल दोन-तीन फ्रेम पुन्हा येऊ द्या. सेकंदाला २४ फ्रेममध्ये ते डोळ्याला कळत नाही, पण ठोसा बसल्यासारखा वाटतो.

कूलरचा आवाज काढून टाकू नका

त्या फिल्ममधला तिसरा खून नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात होता. मे महिन्यातली दुपार, टोळीतला एक जण वरच्या माडीवर झोपलेला. मूळ सीनमध्ये हिरो दार लाथेनं तोडतो, चार गोळ्या झाडतो, अकरा कट, वरून ढोल. पोरांची तक्रार ही की शूटच्या वेळी कूलर चालू होता, सगळा ऑडिओ घुर्रघुर्र झालाय, तो काढून द्या.

मी म्हटलं, तोच ठेवू. बाकीचं काढू.

नागपुरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की मे महिन्यात दुपारी दोन वाजता झोपमोड आवाजानं होत नाही, आवाज थांबल्यानं होते. लाइट जाते. खसच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी थांबतं, पंखा टक... टक... करत मंदावतो, आणि अख्ख्या घरावर अशी शांतता पसरते की शेजारच्या घरातली खाट कुरकुरलेलीही ऐकू येते. एक दिवस परत गेलो आणि तेवढंच शूट केलं. हिरो कूलरच्या आवाजाच्या आडोशानं चालत येतो. पलंगापासून चार पावलांवर असताना लाइट जाते. एक पाय उचललेला, तो तसाच अधांतरी. पलंगावरचा माणूस उकाड्यानं कूस बदलतो. तोंड आता दाराकडे, डोळे मिटलेले. मानेवरचा घाम दिसतोय. १४ सेकंद, एकही कट नाही.

हा सीन दाखवला तेव्हा खोलीत आम्ही सहा जण होतो, कुणी हललं नाही. फिल्ममधली सगळ्यात वेगवान १४ सेकंद तीच, आणि त्यात काहीही होत नाही.

गोळ्या मोजल्याच नाहीत

एका फिल्ममध्ये हिरोच्या हातात देशी कट्टा होता आणि त्यानं सलग सात गोळ्या झाडल्या. देशी कट्टा बहुतेक एका गोळीचा. झाडली की नळी वाकवून उघडायचा, रिकामी पुंगळी काढायची, नवं काडतूस घालायचं. लेखकाला ही अडचण वाटली, मला ती देणगी वाटते. एक गोळी, समोर दोन माणसं, आणि खिशातलं काडतूस बोटांना सापडत नाहीये. याहून जास्त काय हवं?

सायलेन्सरचा "फुट्ट" हा आवाजही सोडा. ९ एमएम पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. उरलेला आवाज बंद खोलीत कानठळ्या बसवायला पुरतो. शेजारी झोपलेलाच राहिला तर माझा तरी विश्वास उडतो.

आता खेळण्यातल्या पिस्तुलाबद्दल, कारण इथे आम्ही स्वतः शेण खाल्लंय. बारा-एक वर्षांपूर्वी एका मोकळ्या मैदानात काळं प्लास्टिकचं पिस्तूल घेऊन शूट करत होतो. परवानगी नाही, आजूबाजूला सांगितलेलं नाही. कॅमेरा लांब झाडामागे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसला तो फक्त पिस्तूल रोखलेला माणूस. कुणीतरी फोन केला. पुढची पूर्ण दुपार आम्ही ठाण्यातल्या बाकावर होतो, आणि चूक शंभर टक्के आमची होती. तेव्हापासूनचा नियम असा: आधी लेखी परवानगी, जवळच्या ठाण्याला तारीख-वेळ कळवलेली, समोरच्या दुकानदारांना स्वतः जाऊन सांगितलेलं, आणि दोन टेकच्या मध्ये पिस्तूल बॅगेत.

खरं हत्यार सेटवर आणायचंच नाही. "रिकामंच आहे" म्हणून कुणी ओळखीतून आणून देतो म्हटलं, तरी नाही. ३१ मार्च १९९३ ला 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन ली गेला. नळीत आधीच अडकलेला गोळीचा तुकडा ब्लँकच्या, म्हणजे गोळी नसलेल्या नुसत्या दारूच्या काडतुसाच्या, दाबानं सुटला. २१ ऑक्टोबर २०२१ ला 'रस्ट'च्या सेटवर कॅमेरावूमन हॅलिना हचिन्स गेली. तिथे तर खरीच गोळी निघाली. ही आपल्याहून कितीतरी मोठ्या बजेटची, हत्यारांसाठी वेगळी माणसं नेमलेली युनिटं होती. आपल्याकडे ते काम स्पॉटबॉयच करतो.

जागा आणि ऊन खोटं पडतं

हिरो फुटाळा तलावाच्या काठावर गाडीला किक मारतो आणि पुढच्या शॉटमध्ये कामठीत वळतो. एक पश्चिमेला, दुसरं शहराबाहेर ईशान्येला. पुण्यातल्या प्रेक्षकाला फरक पडणार नाही, पण तुमचा पहिला प्रेक्षक इथेच, बर्डीवर म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात भेटणार आहे, आणि तो हसणार.

इतवारीच्या गल्ल्यांत एसयूव्हीचा पाठलाग लिहू नका. हातगाडी, रिक्षा आणि सायकलवरून माल नेणारा माणूस, एवढ्यात ती गाडी पहिल्याच वळणावर अडकते. तिथे मोपेड चालवा, नाहीतर पायी पळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळे मिरवतात, त्या मारबतीच्या मिरवणुकीत पाठलाग घ्यायची कल्पना दर पावसाळ्यात कुणाला तरी सुचतेच. मिरवणूक वर्षातून एकदा, म्हणजे टेक एकच, आणि गर्दीतली निम्मी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात. त्यापेक्षा नुसता आवाज रेकॉर्ड करून आणा.

मे महिन्यात लेदर जॅकेट घातलेला किलर तर मी आता मोजणंच सोडलंय. पारा ४५ वर, आणि हा काळं जॅकेट घालून बर्डीच्या पुलावर उभा. अरे, या शहरानं तुम्हाला फुकटात केवढा वेश दिलाय! उन्हाळ्यात दुचाकीवरचा निम्मा नागपूर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतो. फक्त डोळे दिसतात, आणि कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. चौकाचौकात कॅमेरे असलेल्या शहरात किलरला याहून काय पाहिजे? त्या पोराचा हिरो आता पांढऱ्या दुपट्ट्यात आहे, आणि जास्त भीतीदायक दिसतो.

ड्रोनचं एका वाक्यात: सोनेगावचं विमानतळ शहराला चिकटून आहे, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांचा नकाशा उघडून झोन बघितल्याशिवाय उडवू नका.

रक्तासाठी साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि गुलाबी झाक घालवायला चिमूटभर कोको पावडर. दहा मिनिटांत वापरा, नाहीतर "प्रेतावर" मुंग्या चढतात आणि प्रेत उठून बसतं.

बदला कशाचा, तेच कळत नाही

पहिल्या दोन मिनिटांत भाऊ मरतो, तिसऱ्या मिनिटाला हार घातलेला फोटो. ज्याला आपण ओळखतच नाही, त्याच्यासाठी राग कुठून आणायचा? फोटो काढून टाका, एक वस्तू द्या. आम्ही भावाची मोपेड ठेवली. आरसा तुटलेला, सीटला चिकटपट्टी. हिरो पूर्ण फिल्ममध्ये तीच चालवतो आणि कुणाला काही सांगत नाही.

आणि बदला म्हटला की काही जण १३ ऑगस्ट २००४ चा प्रसंग जसाच्या तसा उचलतात. कस्तुरबा नगरच्या बायकांनी भर न्यायालयात गुंड अक्कू यादवला संपवलं, ते. ते या शहरातल्या जिवंत माणसांनी भोगलेलं आहे. त्यावर फिल्म करायचीच असेल तर तीच करा, तुमच्या किलरच्या गोष्टीला चव म्हणून तो शिंपडू नका.

भाषेची चूक याच्याशीच जोडलेली. नागपूरचा किलर "अपुन" बोलतो आणि शेवटी पल्लेदार भाषण देतो. मूळ क्लायमॅक्समध्ये हिरो टोळीच्या म्होरक्याला म्हणतो, "तू माझं सर्वस्व हिरावून घेतलंस, आता मी तुला सोडणार नाही." आम्ही त्या दोघांना पहाटे तर्री पोह्याच्या ठेल्यावर बसवलं. प्लेट संपलेली. म्होरक्या उठायला बघतो. हिरो कट चहाचा दुसरा ग्लास त्याच्यासमोर सरकवतो.

"चाय पिऊन घे. मंग जाऊ."

तिथेच फिल्म संपते. पाचवा खून काढून टाकला, चौथाही. १८ ची १३ मिनिटं झाली. पोरगा कुरकुरला, "दादा, शेवटी गोळीच नाही चालली." मी काही बोललो नाही.

परवा त्याचा फोन आला. नवीन फिल्म लिहून राहिला. विचारत होता, जुना लोखंडी कूलर कुठे भाड्यानं मिळेल का, प्लास्टिकवाल्याचा आवाज बरोबर येत नाही.