दमट उन्हाळ्यात घाम वाळवावा कसा: कोकणातील घरासाठी आणि अंगासाठी

विदर्भातील पाहुणे एप्रिलमध्ये कोकणात येतात, तापमापकावरचे ३३ अंश पाहून हसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सदरा काढून पडवीत पंख्याखाली निपचित पडलेले दिसतात. यात त्यांचा दोष नाही. घाम नुसता येऊन शरीर गार होत नाही. तो त्वचेवरून वाळला, तरच होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम ओघळून गंजीत मुरला, तर पाणी आणि मीठ खर्ची पडते आणि गारवा मात्र पदरात पडत नाही. किनाऱ्यावरील हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला वाळायला जागाच उरत नाही. म्हणून उन्हाळ्यासाठी सुचवलेला कोणताही उपाय करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: याने घाम वाळायला मदत होईल की अडथळा?

पहिली पायरी: आजचा उकाडा मोजावा

नुसत्या कमाल तापमानावर विसंबू नये. दोन साधे काचेचे तापमापक घ्यावेत. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ते मिळतात, तापाचे थर्मामीटर मात्र येथे उपयोगी नाही. एकाच्या फुग्याभोवती जुन्या धोतराची स्वच्छ पट्टी गुंडाळावी, पट्टीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे, दोन्ही तापमापक सावलीत टांगून त्यांच्यावर पाच मिनिटे पंखा सोडावा आणि मग आकडे वाचावेत. कोरडा तापमापक हवेचे तापमान सांगतो. ओला सांगतो की या हवेत ओली वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकते. घामाने भिजलेले आपले अंग ही तशीच एक ओली वस्तू होय.

नागपुरात पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक साधारण २३ अंश दाखवील. रत्नागिरीत ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो २८ अंशांच्या आसपास थांबेल. पाहुण्यांच्या हसण्याचे उत्तर या पाच अंशांत आहे. व्यवहारासाठी एवढे पुरे: ओला आकडा २८ ओलांडू लागला की उन्हातील जड कामे पुढे ढकलावीत, तो तिशीकडे झुकला तर सावलीतील कष्टाची कामेही थांबवावीत आणि घरातील वृद्धांकडे दर तासाला फेरी मारावी.

एवढा खटाटोप नको असेल तर भारतीय हवामान विभागाचा इशारा रोज पाहावा. किनारी केंद्रांवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झाल्याशिवाय उष्णतेची लाट मानली जात नाही. त्यामुळे ‘लाट नाही’ असे वाचून निर्धास्त होऊ नये. ‘उष्ण व दमट हवामान’ हा वेगळा इशारा कोकणातील जिल्ह्यांसाठी दिला जातो, आणि आपल्या कामाचा खरा इशारा तोच आहे.

दुसरी पायरी: वाऱ्याचे वेळापत्रक पाळावे

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून आपण परीक्षा दिली आणि पुढे खिडक्या उघडताना दोन्ही विसरलो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारच्या सुमारास पश्चिमेकडून खारा वारा सुटतो; रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटेपर्यंत पूर्वेकडून मतलई वाहतो. त्यानुसार रात्री झोपताना पूर्वेकडील खिडक्या आणि त्यांच्या समोरील दारांची वरची झडप उघडी ठेवावी, सकाळी ऊन आत येऊ लागताच पूर्वेची बाजू मिटावी आणि खारा वारा लागल्यावर पश्चिमेची उघडावी. पश्चिमेकडून वारा आणि उतरते ऊन एकदमच येतात, ही अडचण खरी आहे. तेथे आतून पडदा लावण्यापेक्षा खिडकीबाहेर हातभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा झाप (माडाची विणलेली झावळी) टांगावी, म्हणजे ऊन बाहेरच अडते आणि वारा बगलेने आत शिरतो.

पूर्वेचे वारे जोरात असलेल्या दिवशी खारा वारा दुपारी उशिरापर्यंत किनारा चढत नाही, आणि तेव्हाच कोकणात पारा अचानक उसळतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी नोंदलेले ४१.७ अंश मार्चमधलेच आहेत. अशा दिवशी बाहेरची हवा घरातील हवेपेक्षा तापलेली असते, त्यामुळे दुपारी खिडक्या बंद ठेवून आतले पंखे चालवावेत आणि वारा फिरला की सगळे घर उघडावे. वारा फिरल्याचे तापमापकाआधी अंगणातील माड सांगतो. त्याच्या झावळ्या समुद्राकडून गावाकडे झुकू लागतात.

तिसरी पायरी: छप्पर सावलीत आणावे

जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या घरात कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. नव्या स्लॅबच्या घरात तसे होत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, आणि वरच्या मजल्यावरची माणसे पंख्याखाली भाजत पडतात. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे: गच्ची झाडून घ्यावी, चुना विरजवून, गाळून, चिकटपणासाठी थोडा डिंक घालून मार्चमध्येच दोन हात द्यावेत. दुसरा उपाय शेडनेटचा किंवा झापांचा मांडव. तो स्लॅबवर अंथरू नये, चार-पाच फूट वर बांधावा, कारण मधून वारा गेला तरच त्याचा उपयोग. पत्र्याच्या पडवीलाही हेच लागू पडते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारल्याने स्लॅब निवतो हे खरे, पण ज्या गावात मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा उपाय मी तरी सुचवणार नाही.

चौथी पायरी: घरात वाफ वाढवू नये

आमच्या घरी एकदा नागपूरहून बदली होऊन आलेल्या मामांनी सोबत आपला मोठा कूलर आणला. पहिल्या तासाभरात सर्वांना तो आवडला. संध्याकाळपर्यंत मिठाच्या बरणीत पाणी सुटले, वर्षाचे पापड लवले, जमिनीच्या लाद्या पायाला चिकटू लागल्या आणि पंख्याखाली पूर्वी जो घाम निदान थोडा वाळत होता, तोही वाळेनासा झाला. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. कोरड्या हवेत ते चालते, आपल्याकडे तो बंद खोलीत उकाडाच भरतो. वाळ्याचे ओले पडदे आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांचेही तेच. भाताची पेज, रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) रस आटवणे, आगोटीसाठीची (पावसाळ्याच्या बेगमीसाठीची) शिजवणुकीची कामे शक्य तर मागील दारी चुलीवर किंवा सकाळी आठच्या आत उरकावीत.

पंखा हाच कोकणातला खरा सोबती, कारण तो अंगालगतची ओली हवा हलवून घामाला वाळायला वाट देतो. हवा चाळिशीपार गेली तर पंख्याचा झोत अंगाला उष्णताच देऊ लागतो. किनाऱ्यावर ती वेळ क्वचित येते. मच्छरदाणी पंख्याचा बराचसा वारा अडवते, म्हणून टेबलफॅन मच्छरदाणीलगत, झोपणाऱ्याच्या उंचीवर ठेवावा. वीज गेल्यावर हाताशी असावा म्हणून एक विंझणा उशाशी असू द्यावा. एसी असेल तर त्यातील ‘ड्राय मोड’ वापरून पाहावा. तो हवेतील पाणी काढतो, आणि हवा कोरडी झाली की २७ अंशांवरही झोप लागते.

पाचवी पायरी: पाण्याबरोबर मीठ द्यावे

घामावाटे मीठ जाते, आणि दिवसभर नुसते पाणी पिणाऱ्या कष्टकऱ्याच्या पोटऱ्यांत संध्याकाळी गोळे येतात. कोकणाने यावर उत्तर फार पूर्वी शोधलेले आहे. सकाळी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला लोणच्याची फोड, ही न्याहारी बागेत जाणाऱ्या माणसासाठी कोणत्याही बाटलीतील पेयापेक्षा सरस आहे. दुपारी आगळात पाणी घालून केलेले सरबत घ्यावे. आगळ म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, त्यामुळे त्यात मीठ आयतेच असते. अमृतकोकम हे साखरेच्या पाकातले असते, दोन्ही एक समजू नयेत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी असते. तहान भागते, मिठाची भरपाई पुरती होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर शहाळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि रक्तदाब असलेल्यांनी आगळ व लोणचे.

जुलाब, उलट्या किंवा फार घाम झाला असेल तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. वृद्धांना तहान कमी जाणवते. त्यांना ‘पाणी हवे का?’ असे विचारू नये, पेला हातात द्यावा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे.

लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळा लागताच मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. मनाने गोळ्या बंद करू नयेत.

सहावी पायरी: कामाचे तास आणि कपडे

आंबा काढणीचे काम उजाडताच सुरू करून दहाच्या आत झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) खाली ठेवावा, उरलेले साडेचारनंतर. वर्गवारी आणि पेटी भरणे मधल्या वेळात सावलीत होते. मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी पहिल्याच दिवशी बागेत उतरून पुरुषार्थ दाखवू नये. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात; पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतके काम करावे आणि रोज तेवढेच वाढवावे. नुसते बसून राहणेही उन्हात धोक्याचे असते: १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले. गावच्या कार्यक्रमाला मांडव नसेल तर वेळ बदलावी.

कपडे सैल, पातळ आणि सुती असावेत, आणि भिजताच बदलावेत. घामोळ्यांवर पावडरीचे थर देण्यापेक्षा साध्या पाण्याने अंग धुऊन, पुसून, पंख्याखाली कोरडे करावे. जांघेत किंवा काखेत गोल, खाजणारा चट्टा उठला तर तो नायटा असण्याची शक्यता मोठी; औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावल्यास तो दबतो आणि पुढे चिवट होतो.

सातवी पायरी: माणूस कोसळल्यास

डोके दुखणे, मळमळ, भरपूर घाम आणि थकवा एवढेच असेल तर सावलीत आडवे करून, पाय उंच ठेवून, मीठ-साखरेचे पाणी द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून तो नाही असे मानू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने त्याच क्षणी अंग गार करण्यास लागावे. आपल्या हवेत ओले फडके ठेवून वारा घालणे पुरत नाही. त्याला विहिरीजवळच्या फरशीवर निजवून, वरचे कपडे काढून, बादल्यांमागून बादल्या पाणी अंगावर ओतत राहावे. मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉल देऊ नये. हा ताप त्या गोळीने उतरणारा नसतो. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

ही व्यवस्था जूनपर्यंत मोडू नये. मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर पडते, मातीचा वास सुटतो, लोक मांडव उतरवतात आणि पाण्याची बाटली घरी विसरतात. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडले की भिजलेल्या जमिनीतून वाफ उठते आणि ओला तापमापक उन्हाळ्यातला सर्वांत मोठा आकडा दाखवू शकतो. झापा तेव्हा काढाव्यात, जेव्हा पाऊस सलग तीन-चार दिवस टिकेल; काढलेल्या झापा चांगल्या असतील तर कुडाला (काटक्यांच्या भिंतीला) लावता येतात.