तरण्या पावसात जेडचं पाणी तोडा

पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला की खानापूरकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. बेळगावातही भिंतींना ओल येते, डब्यातले पापड मऊ पडतात. घरातल्या जेडला, म्हणजे जाड, गुबगुबीत पानांच्या कुंडीतल्या झाडाला, हे दिवस उन्हाळ्यापेक्षा जड जातात. एप्रिलात पंधरा दिवस पाणी चुकलं तरी जेड तगतं. जुलैत दर आठवड्याला तांब्याभर पाणी घातलं तर मुळातून कुजतं.

हे झाड दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. पाणी पानांत साठवतं, पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं. त्यामुळे पाण्याचा खर्च मुळातच थोडा, आणि ढगाळ हवेत माती वाळत नाही ती नाहीच.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा. ओली माती चिकटून आली तर थांबा. काडी कोरडी निघाली आणि पान चिमटीत मऊ, सुरकुतलेलं लागलं, तरच पाणी द्या. माती ओली असून पान सुरकुतलं असेल तर मात्र घाबरायला हवं: मुळं गेली आहेत, त्याला पाणी पोचत नाही.

अशा वेळी झाड उपटून बुंधा दाबून बघा. मऊ लागला तर धारदार, पुसलेल्या सुरीने वरचा निरोगी भाग कापा. कापलेल्या तोंडावर तपकिरी कडं दिसतं तोवर आणखी वर कापत जा. आतून स्वच्छ फिकट हिरवं दिसलं पाहिजे. ते खोड सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर सुकवा, मग कोरड्या मातीत रोवा. पहिलं पाणी आणखी आठवड्याने. माझं बारा वर्षांचं झाड असंच एका वितीच्या फांदीवरून परत आलं.

अथणी-गोकाककडच्यांनी शेतातली काळी माती कुंडीत भरू नये. ती पाणी धरून बसते. तांबडी माती, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे सारखे घ्या, शेणखत मूठभर पुरे. कुंडी मातीची, खाली भोक असलेली. ताटलीतलं पाणी लगेच ओता. पावसाळ्यात खत नकोच.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा, पागोळ्यांपासून लांब. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने एकेक टिपून काढा. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा, ही पानं त्यांना बाधतात.

बारीक गोल पानांचं, तांबूस खोडाचं झाडही नर्सरीत जेड म्हणूनच मिळतं. ते वेगळ्या कुळातलं आहे, पण पावसाळ्यात त्यालाही हाच नियम.

विक्रीसाठी रोपं करणाऱ्यांनी कलमं आता लावू नयेत, निम्मी कुजतील. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की लावा, आणि आतली झाडं तेव्हाच हळूहळू उन्हात न्या. एकदम कडक उन्हात ठेवली तर पानं भाजतात.