ट्रोम्सोला ध्रुवीय प्रकाश बघायला जाताना

ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायचा बेत फसतो तो बहुतेक वेळा ढगांमुळे. लोक मात्र महिनाभर आधीपासून फोनवर केपी नावाचा आकडा बघत बसतात. शून्य ते नऊ असा हा आकडा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगतो. लंडन किंवा बर्लिनहून प्रकाश दिसेल का, हे ठरवायला तो कामाचा आहे. नॉर्वेतलं ट्रोम्सो मात्र जवळजवळ ७० अंश उत्तरेला, ध्रुवाभोवतीच्या ज्या गोल कड्यात हा प्रकाश रोजच खेळत असतो त्याच्या अगदी खाली आहे. तिथे केपी १ किंवा २ असला तरी आकाश हिरवं होऊ शकतं. अडचण एकच, मध्ये ढग असले तर काहीच दिसत नाही. प्रकाश १०० किलोमीटर आणि त्याहून वर असतो, ढग फार तर १०-१२ किलोमीटरपर्यंत. तेव्हा सगळा बेत ढग चुकवण्याभोवती आखायचा.

पहिला प्रश्न किती रात्रींचा. समजा, एखाद्या रात्री मोकळं आकाश मिळण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर दोन रात्रींत निदान एकदा ते मिळण्याची शक्यता ६४ टक्के होते, तीन रात्रींत ७८ आणि चार रात्रींत ८७. हे फक्त गणित झालं. प्रत्यक्षात समुद्रावरून आलेलं खराब हवामान तीन-तीन दिवस मुक्काम ठोकतं, म्हणून खरा आकडा थोडा कमीच धरा. चार रात्री हा किमान हिशोब. दोन रात्रींसाठी मुंबईहून एवढं लांब जाऊ नये, त्यापेक्षा पैसे साठवून पुढच्या हिवाळ्यात जावं.

महिना कोणता? हंगाम सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात असा असतो, कारण उन्हाळ्यात रात्रच होत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश तेवढा असतो. गंमत म्हणून ठीक, पण लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हा अंधार जड जातो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा तिसरा आठवडा हा काळ आमच्या मते सर्वांत सोयीचा. दिवसा फिरायला ऊन, रात्री पुरेसा अंधार, आणि दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास चुंबकीय हालचालही सरासरीने जास्त असते. मार्चच्या अखेरीस मात्र काळोख व्हायला रात्रीचे साडेआठ-नऊ वाजतात. पौर्णिमा टाळण्याचा फार आटापिटा करू नका. चांदण्यात फिकट प्रकाश हरवतो हे खरं, पण बर्फाचे डोंगर उजळून निघतात आणि फोटो छान येतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा लागतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. विमान फ्रँकफर्टमार्गे असलं तरी अर्ज नॉर्वेकडेच करायचा, कारण मुख्य मुक्काम तिथे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५ लागू शकतात, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. रात्री प्रकाशाच्या मागे फिनलंडच्या हद्दीत गेलात तरी तो शेंगेनच्या आतलाच प्रवास. पासपोर्ट मात्र खिशात असू द्या.

मुंबईहून ट्रोम्सोला थेट विमान नाही. एक किंवा दोन ठिकाणी बदलावं लागतं आणि ऑस्लोहून पुढचा टप्पा दोन तासांचा. ऑस्लोत परदेशातून आलेलं सामान बहुतेक वेळा स्वतः उचलून, कस्टममधून नेऊन, देशांतर्गत उड्डाणासाठी पुन्हा द्यावं लागतं, मग त्याच्यावर ट्रोम्सोचा टॅग का असेना. इथे दीड तासाची जोडणी घेणारे विमान चुकवतात. तीन तास ठेवा आणि शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा.

खाऊ नेताना एक अट लक्षात ठेवा. युरोपबाहेरून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, मिल्क पावडर घरीच ठेवा. चकली, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी चालते. तिथे बाहेर जेवण फार महाग, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि किराणा किवी किंवा रेमा १००० या तिथल्या दुकानांमधून आणा.

रात्रीची शिकार

गाडी स्वतः चालवायची की टूर घ्यायची? बर्फावर चालवण्याचा सराव नसेल तर टूर, यात दुमत नाही. भाड्याच्या गाड्यांना खिळ्यांचे टायर असतात, तरी काळ्या बर्फावर, म्हणजे डांबरावरच्या न दिसणाऱ्या पातळ थरावर, ब्रेक दाबला की गाडी आपली नसते. शिवाय रस्त्यावर मूस (अवाढव्य हरिण) आणि रेनडिअर येतात, आणि आकाश बघण्यासाठी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणं हा तिथला सर्वांत मूर्ख अपघात आहे.

टूर निवडताना बोटींच्या किंवा ठरावीक तळावर नेणाऱ्या सहली टाळा. ढग आले की त्या जागेवरच अडकतात. छोट्या मिनीबसमधून ढग चुकवत फिरणारी टूर घ्या. ती महाग पडते, दीड हजार क्रोनरच्या आसपास किंवा वर, पण गरज पडली तर आतल्या बाजूच्या स्किबोटन गावाकडे, नाहीतर थेट फिनलंडच्या किल्पिसयार्वीपर्यंत जाते. समुद्राकडून येणारा ओलावा डोंगर अडवतात, म्हणून आतल्या बाजूला आकाश बरेचदा मोकळं असतं. बुकिंग करताना एवढं विचारा: किती लोक, किती तास, सीमा ओलांडता का, गरम सूट आणि बूट देता का. टूर पहिल्या किंवा दुसऱ्या रात्रीसाठी घ्या. तेव्हा काहीच दिसलं नाही तर पुढच्या रात्री हातात राहतात.

उरलेल्या रात्री शहराजवळ काढता येतात. शहर ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावरचं प्रेस्टव्हाने तळं आणि दक्षिण टोकाचा टेलेग्राफबुक्ता किनारा शहराच्या दिव्यांपासून पुरेसे दूर आहेत.

अंदाज असा बघा. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या 'वायआर'वर तासागणिक ढगांचा अंदाज मिळतो. खालचे आणि मधले ढग घातक, वरचे पातळ ढग चालून जातात. मग सौर वाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताचे आकडे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेले उपग्रह तो वारा मोजतात, आणि ४०० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने तो आपल्यापर्यंत यायला साधारण तासभर लागतो. म्हणून खरा उपयोगी इशारा तासाभराचाच असतो. बीझेड नावाचा आकडा (या वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा) उणे झाला आणि तसाच टिकला, तर कोट चढवा.

प्रकाशाची वेळ संध्याकाळी सहा ते रात्री दोन, भर बहुधा दहा-अकराच्या आसपास. आधी आकाशात एक शांत पट्टा दिसतो, तो अचानक फुटतो, दहा-वीस मिनिटं नाचतो आणि विझतो. इथे बरेच जण खोलीवर परततात. तास-दोन तासांनी तो पुन्हा उसळण्याची चांगली शक्यता असते, तेव्हा थांबा. हिवाळ्यात नॉर्वे भारतापेक्षा साडेचार तास मागे असल्याने तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपल्या शरीराला मध्यरात्रीनंतरचे अडीच. पोहोचल्या दिवशी दुपारी झोप काढलीत तर टिकाल.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, एकदा फोनचा पडदा बघितला की मोजणी पुन्हा सुरू. फिकट प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा वाटतो. त्यातून तारे दिसत असतील आणि फोनच्या फोटोत हिरवा येत असेल तर तो ढग नव्हे.

कपडे आणि कॅमेरा

ट्रोम्सोत हिवाळ्यातही पारा बरेचदा शून्याखाली चार-पाच अंशांवर रेंगाळतो. आतल्या भागात उणे २० किंवा खाली जातो, आणि तिथे तुम्ही तासन्‌तास हलत नाही. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारा कोट. सुती गंजी नको, ती घामाने ओली होऊन गारठवते. बूट एक नंबर मोठे. दोन जाड मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गोठतात. पातळ हातमोज्यांवर जाड मिटन (चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे) चढवा. शहरातल्या बर्फाळ फुटपाथसाठी बुटाखाली चढवायचे रबरी खिळे घ्या. ट्रोम्सोत कुठेही मिळतात, आणि पहिल्या दिवशी घसरून मनगट मोडण्यापेक्षा स्वस्त पडतात.

कॅमेऱ्याला ट्रायपॉड हवाच. रुंद लेन्स, तिचं तोंड एफ २.८ इतकं उघडं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. शटर शांत पट्ट्याला ५ ते १० सेकंद उघडं, नाचऱ्या प्रकाशाला १ ते ३, नाहीतर प्रकाशाच्या झालरींची रेघ पुसून नुसता हिरवा धूर उरतो. फोकस हातानेच, लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा मोठा करून. लेन्सवरचा यूव्ही किंवा संरक्षक फिल्टर काढून ठेवा, कारण हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने फिल्टरच्या दोन पृष्ठांमध्ये त्याचं व्यतिकरण होऊन फोटोच्या मधोमध गोल कडी उमटतात, आणि ती नंतर काढता येत नाहीत. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. फोनचंही तेच, थंडीत ४० टक्क्यांवरूनही तो बंद पडतो.

खोलीत येण्याआधी, बाहेर असतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नाहीतर उबदार हवेतली वाफ लेन्सवर आणि आतही जमते. पिशवी तासा-दोन तासांनी उघडा. फोटो लगेच बघायचे असतील तर मेमरी कार्ड तेवढं बाहेरच काढून घ्या.